ब्राउझरमधून सर्व्हर चालवा, पण ९०९० बाहेर काढू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लिनक्स सर्व्हर ब्राउझरमधून कसा सांभाळावा यावरचा मजकूर आपल्या पुरवणीत वाचला. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायचे दिवस गेले, आता घरबसल्या मोबाइलवर सर्व्हर बघा, असा त्याचा एकंदर सूर होता. ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याशी माझे काही भांडण नाही, उलट त्याचा फायदा मी रोज घेते. पण घरबसल्या बघायचे म्हणजे नेमके कोणत्या वाटेने, यावर लेखात अवाक्षर नव्हते. (वरचा ९०९० हा त्याच वाटेवरच्या दाराचा, म्हणजे पोर्टचा, क्रमांक.) खरी गोम तिथेच आहे, म्हणून हे पत्र.

मी बार्शीतल्या एका महाविद्यालयाची ग्रंथपाल. शिक्षण ग्रंथालयशास्त्रातले, संगणकातले नाही. तरी आमच्याकडचे लिनक्स मीच सांभाळते, कारण दुसरे कोणी नाही. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचे संगणकीकरण विचारतात, त्यामुळे अनेक महाविद्यालयांनी कोहा ही प्रणाली घेतली. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये तिची सुरुवात झाली. परवान्याला पैसे पडत नाहीत आणि ती चालते डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर. छोट्या महाविद्यालयात स्वतंत्र सर्व्हर कुठला असायला! आमच्याकडे कार्यालयातल्या एका विंडोजच्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) आहे, त्यात डेबियनचे आभासी मशीन आणि त्यात कोहा. बाहेरून दिसतो एकच डबा. त्याच्या आत दुसरा संगणक चालू आहे हे सांगूनही शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणाला पटत नाही. संध्याकाळी कोणीतरी शटडाउन करून मोकळा होतो आणि आतल्या डेटाबेसच्या गळ्याला फास लागतो.

बसवून देणारा माणूस पुण्याहून आला, बसवले, बिल घेतले, गेला. नंतर फोन केला की उत्तर ठरलेले : "मॅडम, एकदा रिस्टार्ट करून बघा."

ही परवड थांबली ती कॉकपिट बसवल्यावर. लिनक्स सर्व्हर ब्राउझरमध्ये दाखवणारे हे मुक्त सॉफ्टवेअर रेड हॅट या कंपनीच्या पाठबळावर तयार झाले आहे. डेबियनवर ते एका आज्ञेत बसते आणि लगेच हजर होते. फेडोरा किंवा तत्सम लिनक्सवर त्याचे सॉकेट (मागणी येण्याची वाट बघणारा भाग) आपण चालू करावे लागते आणि फायरवॉललाही सांगावे लागते. मग शेजारच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये आभासी मशीनचा पत्ता, पुढे विसर्ग आणि ९०९० एवढे टाकले की लॉगिनचे पान येते. नाव आणि पासवर्ड लिनक्सचाच, वेगळा काही नाही. कोणी पान उघडलेले नसेल तेव्हा ते जवळपास काहीच मेमरी घेत नाही, कारण मागणी आली की मगच जागे व्हायचे अशी त्याची रचना आहे. आमच्यासारख्या जुन्या मशीनला हे फार सोयीचे.

उपयोग काय, ते एका प्रसंगातून सांगते. प्रवेशाच्या दिवसांत देवघेव काउंटरला रांग लागलेली आणि कोहा उघडेना, पडद्यावर नुसती एरर. पूर्वी मी फोनच फिरवला असता. त्या दिवशी कॉकपिटमध्ये सर्व्हिसेसच्या पानावर गेले, तर पाने दाखवणारे अपाचे चालू होते, डेटाबेस सांभाळणारी मारियाडीबी बंद. ती पुन्हा चालू करायला गेले तर लगेच पडायची. तिच्याच नावावर क्लिक केल्यावर खाली लॉगच्या, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदींच्या, ओळी दिसतात, त्यात डिस्कवर जागा नाही असे स्पष्ट लिहिलेले होते. स्टोरेजच्या पानावर मुख्य विभागाची पट्टी काठोकाठ लाल. कोहा रोज रात्री आपला बॅकअप काढून ठेवते आणि दोन दिवसांपेक्षा जुने स्वतःच पुसते. पण त्या पुण्याच्या माणसाने जाताना त्याच फोल्डरशेजारी हाताने काढलेल्या प्रतींचा ढीग ठेवला होता, तो कोण पुसणार? कॉकपिटमध्येच टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा काळा पडदा, असते. तिथून जुन्या प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवल्या, मारियाडीबी चालू केली आणि रांग पुढे सरकली. म्हणजे काळा पडदा गेला वगैरे काही नाही हो. तो ब्राउझरच्या आत आला, इतकेच. आणि तो यावाच, कारण बटणांनी सगळे होत नाही.

आता आभासी मशीनच्या नेटवर्कबद्दल. नवा माणूस इथेच अडतो आणि लेखात नेमके हेच गाळले होते. व्हर्च्युअलबॉक्स मूळ मांडणीत नॅट वापरतो, म्हणजे आतले मशीन बाहेरच्या मशीनच्या आड लपते. आतल्या लिनक्सला १०.०.२.१५ असा पत्ता मिळतो आणि तो बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. यजमान (म्हणजे बाहेरच्या) विंडोजच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकून लोक तासन्‌तास बसतात. नॅटच ठेवायचे असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे यजमानाचे एक पोर्ट आतल्या पोर्टला जोडण्याचा, नियम घालावा लागतो. त्यात यजमानाच्या पत्त्याची चौकट रिकामी न सोडता १२७.०.०.१ लिहावे, म्हणजे ते पान फक्त त्याच मशीनवर उघडेल. चौकट रिकामी सोडली तर आख्ख्या नेटवर्कला ते खुले होते. आमच्याकडे काउंटरचे आणि वाचनकक्षातले संगणक कोहाला जोडायचे असल्याने ब्रिज्ड जोडणी आहे. म्हणजे आभासी मशीनला राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो. त्यासोबत ९०९० देखील साऱ्या महाविद्यालयाला दिसू लागतो, वसतिगृहाच्या वायफायसकट. आमची तृतीय वर्षाची पोरे किती उद्योगी असतात हे मी सांगायला नको.

म्हणून मी कॉकपिटला फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे आभासी मशीनच्या आतूनच, ऐकायला लावले आहे. त्यासाठी सॉकेटच्या जोडफाइलमध्ये (मूळ फाइलला न छेडता बदल लिहायची पुरवणी फाइल) लिसनस्ट्रीमची ओळ दोनदा लिहायची : पहिली बरोबरच्या चिन्हापुढे मोकळी, दुसरीत नवा पत्ता आणि पोर्ट. मोकळी ओळ विसरलात तर जुना पत्ता तसाच राहतो आणि आपण बंद केले अशा भ्रमात राहता. मग सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा चालवणारी यंत्रणा) रीलोड करून सॉकेट रीस्टार्ट. यापुढे माझ्या टेबलावरच्या संगणकातून आत जायचे तर एसएसएचचा (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे जायच्या साधनाचा) बोगदा काढायचा, म्हणजे इकडचा ९०९० तिकडच्या ९०९० ला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (आपलाच संगणक), पुढे विसर्ग आणि ९०९० उघडायचे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच अंगचेच मिळते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. कटकट वाटते खरी, पण एक शॉर्टकट करून ठेवला की संपले.

ब्राउझरच्या लाल इशाऱ्याबद्दलही लेखात 'ॲडव्हान्स्ड दाबून पुढे जा' एवढेच होते. इशारा येतो कारण कॉकपिट आपले प्रमाणपत्र स्वतःच तयार करते, त्याला कोणा त्रयस्थाची साक्ष नसते. त्याच खोलीत, बोगद्यातून जाताना तो ओलांडला तर हरकत नाही, कारण पलीकडचे मशीन तेच आहे हे एसएसएच त्याच्या किल्लीवरून ओळखते. पण हेच पान इंटरनेटवरून उघडताना इशारा डोळे झाकून ओलांडायची सवय लागली, तर मध्ये बसून पासवर्ड टिपणाऱ्याचे पानही हुबेहूब तसेच दिसेल आणि इशाराही तोच येईल.

पुण्याच्या त्या माणसाने मला फोनवर सुचवले होते की राउटरमधून ९०९० बाहेर काढून द्या, म्हणजे मी इथूनच बघत जाईन. वर रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवा. मी दोन्हीला नाही म्हटले तेव्हा त्याने हे विचारले की, तुमच्या ग्रंथालयात चोरण्यासारखे आहे काय? आहे ना. हजारो वाचकांची नावे, मोबाइल, पत्ते आणि कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंद. शिवाय चोराला आमचे काही नकोच असते, त्याला आमचे मशीन दुसऱ्यावर हल्ला करायला पुरते. इंटरनेटला उघडे ठेवलेल्या कोणत्याही एसएसएचचा लॉग बघा : रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी दिवसरात्र दार ठोठावणे चालू असते. हे ठोठावणारे यंत्र बार्शी की बोस्टन हे पाहत नाही. कॉकपिटमध्ये लिनक्सचाच पासवर्ड चालतो, म्हणून ज्या खात्याला सुडोचा (रूटसारखी आज्ञा चालवण्याचा) अधिकार आहे त्याचा पासवर्ड फुटला की सगळे मशीन गेले. नव्या आवृत्त्यांत रूटला आत येऊ न देण्याची यादी आधीपासून असते. ती फाइल उघडून रूटची ओळ खोडणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. कारण काय, तर सोय!

पासवर्ड चांगला असला म्हणजे झाले, असेही नाही. वेबमिन हे याच जातीचे जुने साधन, १९९७ पासूनचे, पोर्ट १०००० वर चालणारे, आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी बसवलेले. ऑगस्ट २०१९ मध्ये उघडकीस आले की त्याच्या वाटपाच्या पॅकेजमध्ये कोणीतरी चोरवाट घुसवली होती. पॅकेज जिथे तयार होते त्या बांधणीच्या सर्व्हरवरच हात मारला होता, गिटहब या संकेतस्थळावरचा मूळ कोड स्वच्छ होता. १.८९० या आवृत्तीत तर काहीही न बदलता, पासवर्ड न देता, बाहेरचा माणूस रूट म्हणून आज्ञा चालवू शकत होता. १.९३० मध्ये ते दुरुस्त झाले. ज्यांचे १०००० बाहेर उघडे नव्हते ते त्या दिवसांत निवांत अद्ययावत करत बसले. म्हणून वेबमिन वाईट आणि कॉकपिट चांगले असे मी म्हणत नाही. उद्या कॉकपिटमध्येही काही निघेल.

काही बारीकसारीक गोष्टी. उबुंटू सर्व्हरवर कॉकपिटच्या अपडेटच्या पानावर अनेकदा 'ऑफलाइन' असा संदेश येतो आणि इंटरनेट तर व्यवस्थित असते. तो दोष जोडणीचा नाही. अपडेट आणणारे पॅकेजकिट जोडणीची चौकशी नेटवर्कमॅनेजरकडे करते आणि उबुंटू सर्व्हरचे नेटवर्क दुसऱ्याच्या ताब्यात असते. अशा वेळी अपडेट टर्मिनलमधून करावे, राउटर बदलायला धावू नये. दुसरे, काउंटरवरच्या संगणकात कॉकपिट उघडे टाकून चहाला जाणाऱ्यांनी कॉन्फिग फाइलमध्ये आयडल टाइमआउट (काही न केल्यास आपोआप लॉगआउट) १५ मिनिटांचा ठेवावा. आवृत्तीनुसार तो मुळात बंदही असतो. आणि अपडेटच्या आधी व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) घ्या, पण त्याला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर पडलेला असतो.

संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना माझे सांगणे इतकेच की वार्षिक देखभालीच्या करारात हे मुद्दे लिहून घ्यावेत : राउटरवर कोणतेही पोर्ट ग्रंथपालाच्या लेखी संमतीशिवाय उघडायचे नाही, बाहेरून यायचे तर व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी वाट) किंवा एसएसएचच्या किल्लीने यायचे, तंत्रज्ञाला त्याच्या नावाचे स्वतंत्र खाते द्यायचे आणि करार संपला की ते त्याच दिवशी काढायचे. सगळ्यांनी मिळून एकच 'ॲडमिन' वापरला तर लॉग वाचून काही कळत नाही. रूटचा पासवर्ड मात्र महाविद्यालयाकडे, बंद पाकिटात, प्राचार्यांच्या कपाटात हवा. आमच्याकडे तो मिळवायला मला तीन स्मरणपत्रे द्यावी लागली.

आपल्या पुरवणीने या विषयाला पुन्हा जागा द्यावी आणि या वेळी बोगदा कसा काढायचा ते चित्रांसह छापावे, ही विनंती. कात्रण मी आमच्या सूचनाफलकावर लावेन आणि जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या गटावरही टाकेन.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, बार्शी (जि. सोलापूर)