शोषखड्डा मे महिन्यात, पाणी जुलैत

मा. संपादक,

कोकणात पावसाआधी काम उरकायचे म्हणून शोषखड्डे (सेप्टिक टँकचे पाणी जमिनीत जिरवणारे खड्डे) एप्रिल-मेमध्ये खणतात. विहिरीने तेव्हा तळ गाठलेला असतो, खड्ड्यात ओल लागत नाही आणि गवंडी निर्धास्तपणे आठ-दहा फूट खाली जातो. जुलैत विहीर भरून वर येते, खड्ड्याचा तळ त्याच भूजलात बुडतो आणि मैल्याचे पाणी गाळले न जाता त्यात मिसळते. आडवे अंतर मोजले जाते, उभे कोणी मोजत नाही.

सेप्टिक टँकचे पाणी जिथे जिरते ती जागा विहिरीपासून किमान १८ मीटर हवी, असे भारतीय मानक सांगते. हा आकडा मातीचा. जांभ्या दगडातली भोके एकमेकांना जोडलेली असतात, त्यांतून पाणी धावते. तिथे जितके लांब जाता येईल तितके जावे.

विहिरीतली ऑगस्टची सर्वांत वरची पातळी रंगाने खूण करून ठेवावी. विहीर आणि खड्डा यांची जमीन सहसा एका पातळीत नसते, म्हणून गवंड्याच्या लेव्हलच्या (पाणी भरलेल्या पारदर्शक) नळीने ती खूण खड्ड्याच्या जागेवर आणावी. खड्ड्याचा तळ तिच्याहून २ मीटर वर हवा. ते जमत नसेल तर खोल खड्डा सोडून उथळ, लांब चर घ्यावा. दोन खड्ड्यांचे शौचालय असेल आणि २ मीटर मिळत नसतील तर खड्ड्यांचा तळ चिकणमातीने किंवा जाड प्लास्टिकने बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरावी.

‘आमची टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही,’ हे कौतुकाने सांगितले जाते. पाच माणसांची १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची टाकी दोन-तीन वर्षांत उपसावीच लागते. जी कधीच भरत नाही तिला बहुधा तळ नाही किंवा तो फुटलेला आहे. नवी टाकी स्लॅब टाकण्याआधी पाण्याने भरून खूण करावी आणि २४ तासांनी पातळी पाहावी.

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज हवी. व्यास × व्यास × पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये) × ७८५ म्हणजे विहिरीतले पाणी लिटरमध्ये. हजार लिटरला ५ ग्रॅम. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे १४० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत ओतून ढवळावे आणि तासाभराने ओटी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे दाखवणाऱ्या) चाचणीत पिवळा रंग येतो का ते पाहावे. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो.

टीसीएलने मैल्यातून पाण्यात उतरणारे नायट्रेट मात्र जात नाही, आणि उकळल्यावर तर त्याचे प्रमाण वाढते. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे. त्यावरचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात कधीही वापरू नये.

ग्रामपंचायतींना विनंती की, घराच्या नकाशावर शेजाऱ्यांच्या विहिरीही दाखवायला लावाव्यात, ऑगस्टच्या पातळीसकट. पाण्याचा एक नमुना पहिल्या मोठ्या पावसांनंतर द्यावा आणि त्यात जीवाणूंसोबत नायट्रेटही तपासून मागावे.

– एक वाचक, लांजा (जि. रत्नागिरी)