पाकीट परत का पाठवलं?

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई म्हणाली की तालमीवाले मानधनाचं पाकीट घेऊन आले आणि बाबांनी त्यांना चहा पाजून तसंच परत पाठवलं, म्हणे मी खेळाचे पैसे घेत नाही. बाबा, तेव्हापासून डोक्यात एकच माणूस घोळतोय, खेळाडूने पैसे घ्यायचे नाहीत म्हणणारा ऑलिंपिकचा जुना अध्यक्ष, एव्हरी ब्रंडेज. इथे शिकागोतच वाढलेला, माझ्यासारखाच सिव्हिल इंजिनिअर, १९०९ ला इलिनॉय युनिव्हर्सिटीतून पास झालेला.

घरची गरिबी, बाप सोडून गेलेला, लहानपणी पेपर टाकायचा. १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकला जायचं म्हणून पठ्ठ्याने चालू नोकरी सोडली (आई, मला सोडू दिली असतीस?). पेंटॅथलॉनमध्ये (पाच खेळांची स्पर्धा) सहावा आला, डेकॅथलॉन (दहा खेळांची) तर मधेच सोडलं. दोन्ही जिंकला जिम थॉर्प, तुम्ही पीटीच्या तासाला ज्याची गोष्ट सांगायचात तोच. पुढच्याच वर्षी त्याची मेडल्स काढून घेतली, का तर आधी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता.

ब्रंडेजने नंतर बांधकामाची कंपनी काढून बक्कळ कमावलं, अमेरिकेच्या ऑलिंपिक कमिटीचा अध्यक्ष झाला आणि १९५२ ते १९७२ तर अख्ख्या ऑलिंपिकचा. खेळाडूने पैशाला हात लावायचा नाही म्हणजे नाही, हा त्याचा हट्ट, आणि अध्यक्ष असेपर्यंत थॉर्पची मेडल्स काही परत गेली नाहीत. थॉर्पच्या पोरांच्या हातात पडली १९८३ ला, तोवर थॉर्पही गेलेला आणि ब्रंडेजही. अहो, एकाच मैदानात घाम गाळलेला माणूस तो! मला अजून पचत नाही.

आणि १९५२ म्हणजे हेलसिंकी ऑलिंपिक, आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं कुस्तीतलं ब्रॉन्झ. दारोदार वर्गणी मागून गेले, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, हे तुम्हीच सांगितलंय ना? मग खेळाडूने हात पसरलेला चालतो आणि कमावलेलं चालत नाही, हा कुठला न्याय?

ब्रंडेजच्या नियमाने तर तुम्ही पण बाद बरं का. जत्रेत ५१ रुपयांची कुस्ती मारून आजीला लुगडं आणलं होतंत.

रोज पहाटे पाचला उठून पोरं घडवता, गुडघा दुखत असताना. ते पाकीट पुन्हा येणार. आई, दार तूच उघड, आणि त्यातून आधी बाबांच्या गुडघ्याचा एक्सरे काढ.

तुमची,
ताई