अतिदक्षता विभागातील बैठकीत सिस्टरलाही बसवा

संपादक महाशय,

उपशामक सेवा, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, म्हटली की ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असाच अर्थ घेतला जातो. ठाण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून निवृत्त झालेली परिचारिका म्हणून सांगते, की ही सेवा व्हेंटिलेटर चालू असतानाही द्यायची असते आणि तिचा मोठा भाग सिस्टरच्याच हातून घडतो.

घशात नळी असलेल्या रुग्णाला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही. त्याच्या कपाळावरच्या आठ्या, हातापायांची हालचाल, आखडलेले स्नायू आणि व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट पाहून वेदनेला शून्य ते आठ गुण देण्याची पद्धत आहे. मात्र तक्त्यातला हा रकाना माझ्या पाहण्यात बहुतेकदा कोराच असे. एका आजींची कूस बदलताना दर वेळी नाडी १३० वर जाई. त्याआधी वेदनाशामक द्यावे, असे मी राउंडला सुचवले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट धरणे सोडले.

नातेवाइकांशी होणारे बोलणे बहुधा दाराशीच उरकते आणि तेव्हा सिस्टर आत सलाईन बदलत असते. डॉक्टर गेले की मुलगा तिलाच गाठतो, ‘सिस्टर, सर म्हणाले त्याचा अर्थ काय?’ काय बोलणे झाले हेच ठाऊक नसल्याने ‘सरांनाच विचारा’ म्हणण्याची नामुष्की मी अनेकदा सोसली आहे.

जीवरक्षक उपचार थांबवण्याची प्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिली आणि २०२३ मध्ये सुटसुटीत केली. त्यासाठी संमती देणाऱ्या दोन्ही वैद्यकीय मंडळांत डॉक्टरच असतात. निर्णय वैद्यकीय असल्याने त्याबद्दल तक्रार नाही. परंतु याच न्यायालयाने २०११ च्या निकालात हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे जवळचे म्हणून, १९७३ पासून त्यांना सांभाळणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाच मानले होते, याचा विसर पडू नये. निर्णयानंतर धाप लागू नये म्हणून औषध देणारी, ओठ ओले ठेवणारी, अलार्म बंद करून लेकीला स्टूल ओढून देणारी सिस्टरच असते.

ठाणे आणि नवी मुंबईतील रुग्णालयांनी निदान एवढे करावे, की कुटुंबाबरोबरच्या बैठकीला त्या रुग्णाच्या सिस्टरला बसवावे आणि तेवढा वेळ तिचा रुग्ण दुसऱ्या सिस्टरकडे सोपवावा. बैठक पाळी बदलताना मात्र ठेवू नये. तेव्हा जाणारी आणि येणारी अशा दोघी सिस्टर हँडओव्हरमध्ये, म्हणजे रुग्णाची माहिती सोपवण्यात, गुंतलेल्या असतात.

– एक निवृत्त परिचारिका, नौपाडा, ठाणे