बाबा, मेंढी म्हणजे छोटी गाय नव्हे

आई, बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं ना, 30 मेंढ्यांच्या 29 कशा झाल्या, तेव्हा मी पटकन विषय बदलला. एक गेली. आणि माझ्याच चुकीने गेली. गाईंचं मिनरल मिक्श्चर, म्हणजे खाद्यात घालायची खनिजांची पूड, पोतंभर उरलेलं, म्हटलं वाया कशाला घालवायचं, तेच घातलं महिनाभर. त्यात कॉपर (तांबं) असतं, गाईला चालतं, पण मेंढीच्या लिव्हरमधे ते नुसतं साठत जातं आणि वरून काहीच कळत नाही, चरतेय, धार देतेय, सगळं ठीक, आणि एका सकाळी बघते तर डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दुसऱ्या दिवशी गेली. पोतं त्याच दिवशी हलवलं, बाकीच्या अजून तरी बऱ्या आहेत. तुम्हाला सांगायची लाज वाटली, बस.

आता रोज संध्याकाळी एकेकीची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघते. आत लालगुलाबी असेल तर बरी, पांढरट पडली की पोटातले जंत रक्त पितायत समजायचं. जंताचं औषध फक्त तिलाच. सगळ्यांना सरसकट पाजलं की जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात, मग पंचाईत.

बाबा, तुम्ही म्हणता अजून 10 घे, एकेकीच्या लिटर-दीड लिटर दुधात काय होतंय. अहो पण त्यात फॅट 6-7 टक्के! किलोभर चीजला गाईचं 10 लिटर लागतं, मेंढीचं 5-6 लिटरात होतं. शिवाय थोडं थोडं फ्रीज करून साठवता येतं, बॅच पुरेल इतकं झालं की मग चीज. आणि 10 वाढवल्या तर चरायला कुठे घालू? कुरणाचे 8 तुकडे केलेत, 4 दिवसांनी पुढच्या तुकड्यात, म्हणजे लेंड्यांतल्या जंतांच्या अळ्या गवतावर चढेपर्यंत आम्ही पुढे गेलेलो असतो आणि पहिल्या तुकड्याला महिनाभर विश्रांती. गर्दी केली की हे सगळं गणितच बसत नाही. त्यामुळे नाही घेणार, रागवा हवं तर.

आई, कोकरं होतील तेव्हा ये गं, चीक पाजायला दोन हात कमीच पडतात. बाबांना पण आण, फक्त धारेला बसवताना आधीच सांग, दोनच सड असतात आणि तेही इवलेसे, त्यांची मूठ इथे चालायची नाही, चिमटीनेच काढावी लागेल.

तुमची,
चिंगी