महामार्गालगतच्या वायरमन मामांना अनावृत पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी आईला डायलिसिससाठी पहाटे साडेचारला उंब्रजहून कराडला न्यावे लागते, आणि गेल्या चार महिन्यांत आमच्या गाडीने सहा वेळा नेमक्या त्याच वेळी दगा दिला. सेल्फ मारला की नुसती टकटक होई, शेजाऱ्यांना उठवून धक्का मारावा लागे आणि मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेली आई म्हणे, "आज राहू दे." डायलिसिस राहू देता येत नाही, हे तिलाही ठाऊक होते.

आपल्याकडे येण्यापूर्वी गाडी दोन ठिकाणी दाखवली होती. पहिल्या ठिकाणी बॅटरी बदलली. दुसऱ्या ठिकाणी ती तीन महिन्यांची बॅटरीही गेल्याचे सांगून आणखी एक नवी घ्यायला सांगितले. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागत नाही आणि भर दुपारी, सारे दिवे बंद असताना, मीटर १३.६ व्होल्ट दाखवतो, एवढ्यावर दोघांनीही चार्जिंग उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. गाडी मी चालवते, प्रश्नही मीच विचारत होते. उत्तरे मात्र माझ्या धाकट्या भावाकडे पाहून दिली जात होती. ते अजून मनातून जात नाही.

आपण बॉनेट उघडण्याआधी मला विचारलेत, "ताई, गाडी कधी दगा देते, आणि तुम्ही ती कोणत्या वेळी चालवता?" चार महिन्यांत हा प्रश्न कोणी केला नव्हता. मी पहाटेचा अंधार, हेडलाइट आणि काचेवरील दव घालवण्यासाठी लावलेला ब्लोअर सांगताच आपण इंजिन चालू ठेवून ते सगळे लावायला सांगितलेत, आणि बॅटरीवरचा आकडा १२.७ वर उतरला. दिवसा लपलेला दोष असा रात्रीचा भार पडताच उघडा झाला.

त्यानंतर आपण जे केलेत, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना आपण सदऱ्याच्या टोकाला पुसल्यात आणि भावाला नव्हे, मला दिल्यात. "ओढणी आधी कमरेला घट्ट बांधा, पट्टा फिरतोय," असे बजावून एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, जाड तारेच्या बोल्टवर धरायला लावलीत. मीटरने १.५ दाखवले. "ही एकच तार आहे, इथे जवळजवळ शून्य यायला हवे, अल्टरनेटर चौदाच्या वर देतोय, पण दीड व्होल्ट वाटेतच जातोय," हे आपले वाक्य मला तोंडपाठ झाले आहे. रबरी टोपीखालचा लग, म्हणजे त्या तारेच्या टोकाचा धातूचा जोड, काळा पडून सैल झाला होता. अल्टरनेटर निर्दोष होता, म्हणूनच लाल दिवा लागत नव्हता; आणि बॅटरी बिचारी कधी पुरती भरतच नव्हती.

लग बदलल्यावर आपण पिना पुन्हा माझ्याच हाती दिल्यात. तोच भार असताना बॅटरीवर १४.१ दिसले, तेव्हा माझे डोळे भरून आले आणि आपण मुकाट्याने दुसऱ्या गाडीकडे वळलात. तेही माझ्या लक्षात आहे. ज्याला आपले काम नीट येते, त्याला समोरच्याला अडाणी ठेवण्याची गरज पडत नाही, असे मला त्या क्षणी वाटले.

आपण सांगितल्याप्रमाणे तीच बॅटरी बाहेर काढून रात्रभर सावकाश चार्ज करून घेतली. नवी घ्यावी लागली नाही. त्यानंतरच्या आठही फेऱ्यांना गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी आता स्वतःचा मल्टिमीटर घेतला असून आदल्या रात्री इंजिन थंड झाल्यावर बॅटरी मोजते. काल १२.६ होते; इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी एवढेच दाखवते. तो आकडा मी आईला वाचून दाखवला, आणि ती गजर लावून झोपली.

आपली ऋणी,
उंब्रजची ताई