जांभईकडे लक्ष ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

नागपुरातल्या आपल्या डायलिसिस सेंटरमधलं टेक्निशियनचं काम सोडून तुम्ही दुसऱ्या गावी गेलात. जाताना नीट बोलणं झालं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

डायलिसिस करून आलं की बाबांचं डोकंच चालायचं नाही. रमीची पानं हातात धरून उतारी कोणाची तेच विसरायचे. नातेवाईक म्हणायचे, वय झालं. आधीच्या ठिकाणी 'असं होतंच' एवढ्यावर बोळवण झाली होती. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "हे रोज होते का फक्त डायलिसिसच्या दिवशी?" फक्त त्याच दिवशी. तुम्ही ते फाइलवर लिहून डॉक्टरांसमोर ठेवलंत.

आणि तिसऱ्या तासातली ती जांभई! मशिन गप्प, अलार्म नाही, आणि तुम्ही पलीकडच्या बेडवरून म्हणालात, "काका, जांभया देऊन राहिले तुम्ही, बीपी पाहू द्या." सुरुवातीला १५० असलेलं वरचं बीपी शंभराच्या खाली आलेलं. तुम्ही लगेच पाणी काढायचा वेग कमी केला, पाय उंच केले. पुढच्या दहा मिनिटांत जांभया थांबल्या.

बाबा काटोलचे, म्हणून तुम्ही त्यांना विहिरीवरून समजावलंत. झिऱ्यापेक्षा मोटरचा उपसा जास्त झाला की विहीर तळाला जाते. मशिन पाणी रक्तातून काढतं, पण अंगात मुरलेलं पाणी रक्तात सावकाश येतं. मधल्या वेळात रक्त कमी पडतं आणि त्याची झळ मेंदूला लागते. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा त्याला लागतो. बीपी उतरलं की निरोगी माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावून सांभाळून घेतात. वर्षानुवर्षं शुगर-बीपी असलेल्यांच्या तेवढ्या लवचीक राहत नाहीत. मी नंतर वाचलं, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरच्या रुग्णांच्या मेंदूचा रक्तप्रवाह डायलिसिसदरम्यान सरासरी १० टक्क्यांनी घटलेला आढळला. म्हणजे 'वय झालं' एवढ्यावर विषय संपत नव्हता.

मग तुम्ही फाइलच्या पाठीमागे हिशेब मांडलात. वजन ५५ किलो, दोन डायलिसिसमध्ये वाढलेलं पाणी साडेतीन लिटर, वेळ चार तास. म्हणजे किलोमागे ताशी जवळपास १६ मिली. १३च्या वर जाऊ नये म्हणतात. तो कागद बघून आईने त्याच दिवशी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. पाणी कमी प्या असं सगळेच सांगतात हो. पण मीठ कमी केल्याशिवाय तहान कमी होत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर नाहीच, हे घरात कुणी बोललं नव्हतं.

डॉक्टरांनी वेळ वाढवून दिला, ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, पुन्हा ठरवलं, मशिनमधल्या द्रावणाचं तापमान ३७ वरून ३६ वर आणलं. थंड द्रावणाने रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी टिकतं. ब्रिटनमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात थंड द्रावणावर डायलिसिस झालेल्या रुग्णांच्या मेंदूचा पांढरा भागही वर्षभरात जास्त सुरक्षित राहिलेला दिसला. बाहेर ४५ अंश, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आमचे बाबा बेडवर शाल पांघरून कुडकुडताहेत! मशिनवर असताना डबा खायचा नाही हेही तुम्हीच सांगितलंत, कारण जेवलं की रक्त पोटाकडे वळतं. उपमा बंद झाल्याचा राग त्यांनी तुमच्यावर बरेच दिवस धरला, ते मनावर घेतलं नसेल अशी आशा आहे.

सगळं ठीक झालं असं म्हणणार नाही. थकवा आहेच, नावं अजून अडकतात. पण डायलिसिसच्या संध्याकाळी ते आता रमीला बसतात आणि उतारी कोणाची ते दुसऱ्यांना सांगतात. नवीन टेक्निशियन दादांनाही जांभईचं सांगून ठेवलंय.

आंबिया बहाराची संत्री उतरली की एक पेटी तुमच्या पत्त्यावर येईल. पोटॅशियममुळे बाबांना एक फोडही चालत नाही, तेव्हा तुम्ही नाही म्हणू नका.

तुमच्या काकांची मुलगी,
नागपूर