सईस पत्र : पहिले तीनशे मीटर

चि. सईस अनेक आशीर्वाद.

पंधराशे मीटर पाच मिनिटांत धावायचं तू ठरवलंयस, ते तुला झेपेल. फक्त सुरुवात कशी करायची ते आधी पक्कं कर. त्यासाठी फेथ किपयेगॉनचे आकडे बघ.

केनियाच्या फेथनं ५ जुलै २०२५ला अमेरिकेतल्या यूजीनमध्ये हे अंतर ३:४८.६८ला संपवलं, म्हणजे सरासरी ६१ सेकंदांचा लॅप (४०० मीटरची एक फेरी). त्याआधी २०२३मध्ये फ्लॉरेन्सला ३:४९.११ आणि २०२४मध्ये पॅरिसला ३:४९.०४. जगातल्या सर्वोत्तम बाईला दोन वर्षांत अर्धा सेकंदही कमी करता आला नाही, इतकं हे काम बारीक आहे. आणि २०१८मध्ये ती आई झाली. हे तिन्ही विश्वविक्रम त्यानंतरचे. मला याचं फार अप्रूप आहे.

रिओ ऑलिंपिक २०१६चं सुवर्ण मात्र तिनं ४:०८.९२ला जिंकलं. शर्यत आधी संथ होती, शेवटी वेग वाढला आणि तेव्हाची विश्वविक्रमवीर गेंझेबे दिबाबा मागे पडली. पदकाची शर्यत वेगळी, वेळेची वेगळी. तुला आत्ता वेळ हवी आहे.

तुझा हिशेब असा : ३००ला ६० सेकंद, ७००ला २:२०, ११००ला ३:४०. गर्दीच्या धक्क्यात पहिले ३०० मीटर ५४ला जातात, तेव्हा छान वाटतं, पण ७०० ते ११०० या लॅपमध्ये पाय जड होतात आणि ८०ऐवजी ८६-८७ सेकंद लागतात. वाचवलेले सहा सेकंद तिथेच जातात. वळणावर बाहेरून कुणाला गाठू नकोस. दुसऱ्या लेनमधून पूर्ण वळण घेतलंस तर जवळजवळ चार मीटर जास्त पडतात, तुझ्या वेगाला पाऊण सेकंद. सरळ भागात पुढे जा.

सरावाला ६ वेळा ३०० मीटर, प्रत्येक ६०ला, मध्ये १०० मीटर हळू जॉग. पहिला ५६ला आला तर तो चुकला असं समज.

आणि फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घे. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हमखास तपास. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही. गोळ्या मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर देतील तेव्हाच.

तुझी,
आई